चुन्याचे ठिपके

काकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही, जीप दाखवली. मी बदली होऊन नवी नवी जव्हारला आलेली, स्कूटीला वळकटी बांधलेली, घामानं जीव नकोसा झालेला, आणि हा माणूस अंगणात जीपचं बॉनेट उघडून उभा. मला म्हणाला, "बाई, सदर वाहन पहाटे सुरू होते व आवाज करते. हरकत असल्यास आत्ताच नोंदवावी." मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. "मग खोली मंजूर," म्हणाले आणि परत इंजिनात डोकं घातलं. खोली मी पाहिली ती सामान आत गेल्यावर.

काका पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. सगळी नोकरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काढली. निवृत्त झाले, पण त्यांची सरकारी मराठी काही निवृत्त झाली नाही. काकूंनी चहा दिला की एक घोट घेऊन म्हणायचे, "सदर चहात साखर कमी असल्याचे निदर्शनास आले आहे. उचित कार्यवाही व्हावी." काकू म्हणायच्या, "डबा तिकडं आहे. घ्या हातानं कार्यवाही करून." ते उठून घ्यायचेही. मला पहिले काही दिवस वाटलं, माणूस थट्टा करतोय. छे! त्यांना दुसरं बोलताच येत नव्हतं. मांजरीलाही म्हणायचे, "आपण येथून तात्काळ प्रस्थान करावे."

ती जीप म्हणजे त्यांची नोकरीतली जीप. याच जीपनं ते खोडाळ्याच्या बाजाराला गेले, वांगणीच्या चिखलात रुतले, लोकांनी ढकलून बाहेर काढल्यावर त्यांच्याचकडं नागलीची भाकरी खाऊन परत आले. सरकारनं ती मोडीत काढली तेव्हा लिलावात काकांनीच घेतली. काकू सांगायच्या, "माझं लग्न झालं तेव्हा यांनी माझ्याकडं नीट बघितलं नव्हतं. ही भंगारातून आणली त्या दिवशी मात्र दोनदा उठून बघून आले."

जीपला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. स्टँडजवळचा एक मेकॅनिक एकदा मदतीला आला. त्यानं बोल्टवर पाना ठेवला आणि वरून हातोडी हाणली. काकांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला, चहा पाजला, आणि फाटकापर्यंत पोचवून सांगितलं, "आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही." बोल्ट जाम झाला की स्वतः मात्र तेल सोडून दिवसभर वाट बघायचे. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालंय. घाई केली की दात जातो. म्हणजे चाकाचा दात. पण मी स्कूटीला किक मारताना, काकू दूध उतू घालवताना, टीव्हीवर कुणी मंत्री बोलताना, कुठंही ते हेच म्हणायचे.

आता तंबाखूचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नोकरीभर काका तंबाखू खायचे. काकूंना हृदयाचा त्रास सुरू झाला, नाशिकला अ‍ॅडमिट केलं, तेव्हा खाटेवरून त्यांनी एकच मागितलं. तंबाखू सोडा. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला आणि खरंच सोडली. पण दोन तोंडांची ती डबी त्यांच्या खिशात राहिलीच. एका तोंडाला चुना आणि दुसऱ्या तोंडाला, जिथं पूर्वी तंबाखू असायची तिथं, बोल्टाखाली घालायचे बारीक वायसर. चुना कशाला? तर खुणेला! बोल्ट आवळला की त्यावर नखानं चुन्याचा एक ठिपका. ठिपका सरकला, म्हणजे बोल्ट ढिला झाला. गॅसच्या नळीवर ठिपका, पंख्यावर ठिपका, माझ्या स्कूटीच्या मागच्या नटावर ठिपका. काकूंना मात्र ती डबी कधी दिसू द्यायचे नाहीत, आणि ठिपकेही त्यांची नजर पोचणार नाही अशा बाजूला. मी एकदा विचारलं, त्यांना सांगून का नाही टाकत? तर म्हणाले, "बाई, तंबाखूवाल्याच्या चुन्यावर कोण विश्वास ठेवतो?"

त्या वर्षी पावसाळ्यात जीप पुढच्या बाजूनं तेल गाळायला लागली. आतली साखळीही खुळखुळायची. त्यातच काकूंना एका संध्याकाळी दम लागला, जीप सुरू होईना, शेजाऱ्यांची गाडी मिळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू बऱ्या झाल्या, पण ठाण्याहून मुलगा आला तो ठरवूनच. "बाबा, प्रॅक्टिकल बोला. आईला परत काही झालं तर? ही खटारा भरवशाची आहे का? घर द्या भाड्यानं, चला ठाण्याला."

काकू त्याच्यासमोर काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "मी नाही जायची हो बाई. त्या सातव्या मजल्यावर मला दारात बसताच येत नाही. कुणाशी बोलू? लिफ्टशी?" आणि डोळे पुसून भाकरी थापायला बसल्या. मला त्या पोराचा राग आला. पण चूक त्याचीही नव्हती. आई त्याची होती.

शेवटी ठरलं ते असं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो येणार. जीप सुरू होऊन गावाबाहेरच्या शिरपामाळापर्यंत जाऊन परत आली, तर दोघं जव्हारलाच राहणार. नाही तर तो बरोबर गिऱ्हाईक आणणार, जीप तिथल्या तिथं द्यायची आणि दिवाळी ठाण्यात. काकांनी हात पुढं करून म्हटलं, "प्रस्ताव मान्य."

मग काकांनी इंजिनाचं तोंड उघडलं. जाळी काढली, रेडिएटर काढला, पंखा, पुली, पाण्याचा पंप काढला. त्यामागचं लोखंडी झाकण काढलं आणि आतली दोन दातेरी चाकं उघडी पडली. खालचं चाक पिस्टन हलवणाऱ्या दांड्याचं, वरचं झडपा उघडणाऱ्या दांड्याचं. दोघांना बांधणारी एक साखळी. काका मला एखाद्या चौथीच्या पोराला शिकवावं तसं सांगायचे. पिस्टन आणि झडप यांनी आपापल्या वेळेला वर-खाली व्हायचं. वेळ चुकली तर गाडी खोकते. जास्त चुकली तर पिस्टन झडपेवर आपटतो, झडप वाकते आणि इंजिन संपतं. जुनी साखळी काढून नवी चढवायची, पण त्या दोन चाकांचं एकमेकांशी नातं केसभरही हलू द्यायचं नाही.

चाकांवर कंपनीच्या खुणा असतात म्हणे. पण वरचं चाक कुणीतरी कधीतरी बदललेलं होतं. त्यावर खूणच नव्हती. मग डबी निघाली. साखळी काढण्याआधी काकांनी मला बोलावलं, "बाई, पंच म्हणून उभ्या राहा." खालच्या चाकावर एक चुन्याचा ठिपका, वरच्या चाकावर एक, आणि दोघांच्या समोर इंजिनाच्या अंगावर एकेक. "चारही ठिपके आपल्या समक्ष देण्यात आले. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. हसू दाबत म्हटलं. मला काय ठाऊक पुढं काय वाढून ठेवलंय!

जुनी साखळी उतरवली. तेलाचं सील आलं, पंप आला, नवी साखळी मात्र नाशिकहून यायला अडली. वाट बघण्यात दसरा उजाडला. काका म्हणाले, सगळं तयार आहे, साखळी चढवली की झालं. आणि मित्रांबरोबर मिरवणूक बघायला गेले. मी बाजारात झेंडू आणायला गेले.

परत आले तर अंगण ओळखू येईना.

काकूंनी शस्त्रपूजा केली होती. दसराच तो. विळी, कोयता, माझी स्कूटी, सगळ्याला हळदीकुंकू. पडवीत मांडलेले जीपचे भाग राख आणि काथ्यानं घासून लखलखीत केलेले, प्रत्येकावर कुंकवाचा टिळा, झेंडूचं फूल. त्यात माझा जीव अडकला नव्हता. मी धावत जीपपुढं गेले. इंजिनाचं तोंडही तसंच घासलेलं. दोन्ही चाकं स्वच्छ, धुतलेली, हळदीकुंकू लावलेली. चुन्याचा एक कण नाही. आणि वरचं चाक आधी होतं तिथं नव्हतंच. घासताना फिरवलेलं दिसत होतं.

"कशी दिसतायत?" काकू मागून म्हणाल्या. पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळं तेल, चेहरा फुललेला. आजारपणानंतर एवढं काम त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. "म्हटलं, हिच्यावरच आपलं राहणं आहे, तर हिची पूजा आधी." मग आवाज बदलला. "पण बाई, यांनी परत सुरू केली हो. चाकावर चुन्याची बोटं पुसलेली होती! दसऱ्याला, देवाच्या कामाला, तंबाखूचा चुना! घासून घासून काढला मी."

सांगू? सांगून टाकू? तेवढ्यात फाटक वाजलं. काका आले. हातात आपट्याची पानं, डोक्याला गुलाल.

हा माणूस पान्यावर हातोडी मारली म्हणून मेकॅनिकला हाकलणारा. शेजाऱ्यानं न विचारता जॅक नेला म्हणून त्याच्याशी महिनाभर लेखी बोलणारा. काकूंचं हृदय ते तसलं. काका जीपसमोर उभे राहिले. वाकले. चष्मा कपाळावर केला, परत डोळ्यांवर घेतला. वरच्या चाकाला बोट लावलं. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

"बोला ना," काकू म्हणाल्या. "चुना कुठनं आला त्याच्यावर? मला शब्द दिला होता तुम्ही. परत खायला लागलात की नाही? खरं सांगा."

काकांचा हात खिशात गेला. मला वाटलं, आता डबी काढतील, वायसर दाखवतील, आणि मग जो काय भडका उडायचा तो उडेल. हात तसाच खिशात राहिला. ते काकूंच्या काळ्या झालेल्या हातांकडं बघत होते.

"हो," काका म्हणाले. "खाल्ली. चुकलं."

"द्या ती डबी."

काका माझ्या बाजूला वळले, जसं काही खिसा त्या बाजूनंच उघडतो, आणि माझ्या मुठीत काहीतरी गार, बारीक ओतलं. वायसर. मग डबी काकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी ती कुंपणापलीकडं करवंदीच्या जाळीत भिरकावली आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. सोनं द्यायचं राहिलं ते राहिलंच.

मी म्हटलं, "काका, अहो, असं काय केलंत? खरं का नाही सांगितलं?"

काका जीपच्या बंपरवर बसले. आणि मी त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी साधं बोलले. "खूण गेलीय, बाई. उद्या गाडी नाही झाली तर आम्हांला जावं लागेल. तिथं सातव्या मजल्यावर बसून ही रोज म्हणेल, माझ्या हातानं माझं घर गेलं. तिचं काळीज नाही पेलायचं ते. तंबाखूवाला म्हणू दे मला. त्यानं कुणी मरत नाही." जरा वेळानं घसा खाकरला. "सदर बाब गोपनीय राहील, ही अपेक्षा."

मी मान हलवली. मला रडू येत होतं, आणि रागही. कुणावर कुणास ठाऊक.

साखळी त्याच दुपारी आली, पण काकांनी त्या दिवशी हात लावला नाही. मन थाऱ्यावर नसताना इंजिन उघडू नये म्हणाले. सकाळी उजाडल्याबरोबर अंगणात हजर. मला म्हणाले, केरसुणीची काडी आणा. इंजिनावरचं झाकण काढून झडपा उघड्या केल्या, प्लग काढले. आधी पिस्टन मधोमध आणून ठेवले, म्हणजे झडपा कशाही फिरवल्या तरी आपटायच्या नाहीत. मग वरचं चाक पान्यानं इतकं इतकं फिरवत राहिले. पहिल्या पिस्टनच्या दोन झडपा, एक मिटत आलेली आणि दुसरी नुकती उघडू बघणारी, दोघी एका उंचीला आल्या पाहिजेत. त्याच वेळी पिस्टन अगदी माथ्यावर पाहिजे. ही एकच जागा. खूण नसली तरी ती जागा इंजिनालाच माहीत असते, असं काका म्हणाले. म्हणाले खरं, पण कपाळावरून घाम ओघळत होता.

झडपा जुळल्या. आता पिस्टन. काडी प्लगच्या भोकात सोडून मी बोटांत धरली. काका हँडल फिरवायला लागले.

"वर येतेय," मी म्हणाले. "येतेय. येतेय. थांबली."

"थांबली की उतरतेय?"

"थांबलीय हो! अजून थांबलीय. आता उतरली."

इथंच गोम होती. माथ्यावर काडी जरा वेळ थांबूनच राहायची, आणि तेवढ्यात खालचं चाक चांगलं दातभर पुढं जायचं. नेमका माथा कुठला? काका म्हणाले, थांबली तिथं एक खूण, उतरायला लागली तिथं एक खूण, आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा. सवयीनं हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. चुना करवंदीत होता.

काका पडवीच्या पायरीशी गेले. आत बघून हळूच म्हणाले, "अहो, जरा कुंकू मिळेल का?"

काकू रात्रभर बोलल्या नव्हत्या. कोयरी घेऊन आल्या. "आता देवाची आठवण झाली वाटतं," एवढंच म्हणाल्या. पण गेल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. काकांनी ओल्या कुंकवानं दोन खुणा केल्या, दोऱ्यानं मध्य काढला, तिथं चाक आणून ठेवलं आणि साखळी चढवली. परत झडपा बघितल्या. साखळी उतरवली, एक दात मागं घेतला, परत चढवली. परत बघितल्या. मग हँडल लावून इंजिन हातानं सावकाश फिरवलं. काही अडतंय का ते कान लावून ऐकत होते. अडलं नाही. झाकण, पंप, पुली, पंखा, रेडिएटर, एकेक चढत गेलं. पायरीवर काकू लसूण सोलत होत्या. बोटं चालत होती, पण सोललेल्या पाकळ्याही सालांतच टाकत होत्या.

मुलगा आला तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी ओतणं चाललं होतं. बरोबर खोडाळ्याचा भंगारवाला. त्यानं जीपभोवती एक चक्कर मारली आणि चाकाला लाथ घातली. "सायेब, गाडी बोलं ना? नाय तं मी पिकअप लावून ठेवलाय."

"आपण किंचित प्रतीक्षा करावी," काका म्हणाले.

स्टार्टर मारला. घर्र घर्र झालं आणि थांबलं. परत मारला. इंजिनानं एकदा जोरात फट् केलं, धूर सोडला, मेलं. मुलगा खाली बघत म्हणाला, "बाबा, रहने दो ना. जाऊ दे." भंगारवाल्यानं खिशातून दोरी काढली. माझ्या डोळ्यांसमोर ती वाकलेली झडप यायला लागली. दात चुकला. गेलं. काकूंकडं बघायचं मला धाडस होईना.

काका उतरले. हँडल उचलून परत पुढं लावलं, सावकाश एक फेरा दिला, कान इंजिनाला लावला. उठले. मुलाला म्हणाले, "घाई केली की दात जातो." आत बसले, चोक ओढला, डोळे मिटले आणि स्टार्टर मारला.

जीप धरली. खोकली, हलली, अर्धमेली झाली, आणि मग एकदम लयीत आली. साखळीचा आवाज नाही, काही नाही. नुसतं इंजिन. मी ओरडलेच! काकूंच्या मांडीवरचा लसूण सगळा अंगणात सांडला. मुलगा हसायला लागला, आणि रडायलाही लागला तो, खोटं कशाला बोलू. भंगारवाला दोरी गुंडाळत म्हणाला, "बोलली का ती! माझी फेरी फुकट गेली," आणि काकूंनी त्यालाही चहाला थांबवलं.

शिरपामाळाला मुलानंच चालवली. काकू पुढं बसल्या, मी आणि काका मागं. परत येताना काकू मागं न बघताच म्हणाल्या, "गाडी चांगली केलीत. पण तंबाखूचं मी विसरणार नाही." काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

आणि त्या खरंच विसरल्या नाहीत. पुढं मी त्या घरात होते तोवर दर संध्याकाळी काकांची झडती व्हायची. काका आपण होऊन दोन्ही हात वर करायचे, काकू खिसे चाचपायच्या, तोंडाचा वास घ्यायच्या. पाहुण्यांसमोरसुद्धा. मला ते बघवायचं नाही. मी एकदा तोंड उघडलंही होतं, तर काकांनी काकूंच्या डोक्यावरून माझ्याकडं असं बघितलं की मी भाजी निवडायला घेतली.

बदली होऊन मी गेले त्याला आता काही वर्षं झाली. यंदा दसऱ्याला मुद्दाम जव्हारला गेले. जीप अंगणात होती, धुतलेली, हार घातलेला. काका वाळलेत, कान गेलेत, भाषा तीच. काकू मला जेवायला वाढताना त्यांच्याविषयी बोलत होत्या, दुखण्यात त्यांनी कसं केलं, वेणीसुद्धा कशी घालून दिली ते. मग वाढता वाढता थांबल्या.

"सोन्यासारखा माणूस हो बाई. आयुष्यात मला एकदाच फसवलं. शब्द देऊन तंबाखू खाल्ली. एवढं एक सोडलं, तर खोटं म्हणून कधी बोलले नाहीत माझ्याशी."

माझा घास हातातच राहिला. पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याला त्या वायसरांतला एक अजून आहे. काढून ताटाशेजारी ठेवावा असं इतकं वाटलं, इतकं वाटलं! मी काकांकडं बघितलं. मला वाटत होतं, त्यांना ऐकू गेलं नसेल. पण गेलं होतं. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं बघितलं, आणि भात कालवत म्हणाले,

"सदर आरोप मान्य आहे."